क्वायरची जुनी गीतपुस्तके : ३५६ प्रतींच्या वाटपाच्या नोंदी

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार
पावसाळ्यानंतर चर्चच्या वेस्ट्रीतली (सामानाच्या खोलीतली) दोन्ही कपाटे उघडली. मंडळीत आता मोठ्या टायपाचे नवे गीतपुस्तक आणि प्रोजेक्टर आहे, त्यामुळे क्वायरचा जुना साठा हलवायचा आहे. मोजणी अशी:

मराठी, निळा पुठ्ठा, फक्त शब्द: १७१
मराठी, तांबडा पुठ्ठा, त्याआधीचे पुस्तक: ६५
सायक्लोस्टाइल पानांचे बांधलेले संच, मराठी गीतांची चार आवाजांतली (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) मांडणी: १८
इंग्रजी, स्टाफ नोटेशनसह (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी), 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न': ४१
इंग्रजी, सँकीचे 'सेक्रेड साँग्ज अँड सोलोज': २७
किरकोळ (कॅरल पुस्तिका, हिंदी, रोमी कोंकणी): ३४

एकूण ३५६. निळ्या पुस्तकाचे वजन ३८० ग्रॅम, तांबड्याचे ३२०, स्टाफ नोटेशनच्या इंग्रजीचे सुमारे ८०० ग्रॅम. वजन पहिल्याच दिवशी घेतले हे बरे झाले. टपाल, खोकी आणि रद्दी यांचे हिशेब प्रतींवर नाही, किलोवर चालतात.

५ ऑक्टोबर, रविवार
उपासनेनंतर पास्टोरेट कमिटीत (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत) ठराव. पुस्तके देणगीतून आलेली असली तरी डेडस्टॉक रजिस्टरवर (चर्चच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) आहेत, म्हणून क्वायरने परस्पर वाटायची नाहीत. ठरावात तीन गोष्टी लिहून घेतल्या: किती प्रती, कोणत्या प्रकारच्या संस्थांना, आणि उरलेल्यांचे काय करायचे. तिसरा मुद्दा लिहिला नाही तर मोडकी पुस्तके पुन्हा त्याच कपाटात जातात. (धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचा प्रश्न निघाला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ३६ची पूर्वपरवानगी स्थावर मालमत्तेसाठी असते, पुस्तके जंगम आहेत.)

११ ऑक्टोबर, शनिवार
आजचा दिवस निळे आणि तांबडे वेगळे करण्यात गेला. मुद्दाम घालवला.

गीतपुस्तक हे वाचायचे पुस्तक नाही. चर्चमधल्या गीतफलकावर गीताचा आकडा लागतो, सगळे तो आकडा उघडतात. वीस जणांत तिघांकडे वेगळ्या क्रमाचे पुस्तक असेल तर पहिले कडवे संपेपर्यंत ते तिघे पाने चाळत बसतात. निळ्या आणि तांबड्यात सुरुवातीचे आकडे जुळतात, म्हणून फसगत उशिरा कळते. पुढे गीते घातली-काढली आहेत आणि क्रम सरकला आहे. दोन पुस्तके एकाच क्रमाची आहेत का हे पाहण्याची आमची रीत: सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तिन्ही भागांतून मंडळीला पाठ असलेली दहा गीते निवडायची आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी लिहायचे. एक जरी चुकले तरी ढीग वेगळा. फक्त पुठ्ठ्याच्या रंगावर जाऊ नये. बाइंडिंग बदललेली सहा निळी पुस्तके आतून तांबडी निघाली, त्यामुळे वरची मोजणी ही दुरुस्तीनंतरची आहे.

पृष्ठक्रमांक आणि गीतक्रमांक यांचा गोंधळ करू नये. पुनर्मुद्रणात पाने सरकतात, गीतांचे आकडे तेच राहतात. अशा दोन छपाया एका संचात चालतात.

१२ ऑक्टोबर, रविवार
एक चूक वेळेत सापडली. सँकीच्या सत्तावीस प्रती कोणीतरी 'छपाई बिघडलेली' म्हणून रद्दीच्या खोक्यात टाकल्या होत्या. आत सुरांच्या रेघा नाहीत. एकेरी रोमन अक्षरे, मध्ये विसर्गासारखी टिंबे आणि उभ्या रेघा. ही टॉनिक सोल्फा आवृत्ती आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेनने रुळवलेली ही पद्धत आपल्या सारेगमच्या जवळची: 'डो' हा षड्ज, तो कोणत्याही पट्टीत सरकतो, पट्टी वर लिहिलेली असते आणि दुहेरी टिंब मात्रा वेगळ्या करते. पुण्यात आज वाचणारे थोडे, पण मिझोराममध्ये आणि खासी मंडळ्यांत क्वायर आजही याच लिपीतून गातात. खोके परत आणून त्यावर मोठ्या अक्षरात 'सोल्फा – टाकू नये' लिहिले.

१८ ऑक्टोबर, शनिवार
प्रत तपासणी. एका प्रतीला ४० सेकंद, चार जागा पाहायच्या: शीर्षकपान, पहिला जुज (घडी घालून एकत्र शिवलेली पाने), मधला दोरा, शेवटची अनुक्रमणिका. अनुक्रमणिका बाहेरच्या बाजूला असल्याने ती आधी गळते, आणि पहिल्या ओळीवरून आकडा शोधता येत नसेल तर नवख्या माणसाला ते पुस्तक निरुपयोगी आहे.

सुटी पाने जोडीने जातात. सोळा पानी जुजात एका कागदाच्या दोन अर्ध्यांवरच्या पृष्ठांची बेरीज १७ येते. ५-६ हे पान गेले असेल तर ११-१२ हमखास हलते. म्हणून एक पान गळलेले दिसले की त्याचा जोडीदार ओढून पाहावा.

निळी १७१: चांगली १०४, दुरुस्तीची ४३, बाद २४.
तांबडी ६५: चांगली १७, दुरुस्तीची २५, बाद २३.

तांबड्यांची अवस्था वाईट, कारण ते कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून होते. भिंतीची ओल लोखंडी पत्र्याच्या आत दव होऊन बसते. कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आहे.

बुरशी आणि कीड यांचे उपाय वेगळे. बुरशीची पुस्तके उभी, पाने पंख्यासारखी उघडून, पंख्याच्या आडव्या वाऱ्यात चार दिवस. पूर्ण कोरडी झाल्यावरच उघड्यावर मऊ ब्रशने झटकायची, एन-९५ मास्क लावून. ओली असताना पुसली तर डाग आत जातो. कडक उन्हात तासन्‌तास ठेवू नयेत, कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. कसर असलेली पुस्तके झिपच्या पिशवीत हवा काढून बंद केली आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवली. मुदत दोन आठवडे. थंडीने कीड मरते, बुरशी मरत नाही, फक्त झोपते. डांबराच्या गोळ्या घातल्या नाहीत: पुस्तके वसतिगृहातल्या मुलांच्या हातात जाणार आहेत, वास वर्षभर जात नाही आणि ते विष आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार
रद्दीचा भाव विचारला. दिवाळीच्या आवराआवरीमुळे दुकानदाराकडे माथ्यापर्यंत ढीग, भाव पडलेला. बाद प्रती डिसेंबरपर्यंत थांबतील.

दुरुस्तीचा अंदाज अप्पा बळवंत चौकाजवळच्या बाइंडरकडून घेतला. पाठीला नुसती कापडी पट्टी ४० रुपये, जुजबंदी शिलाई पुन्हा घालून नवा पुठ्ठा ९० रुपये. निळी ४३ सगळी द्यायची. तांबड्यांतली फक्त ८, म्हणजे चांगल्या १७ धरून २५चा संच होतो. बाकी १७ सुट्या पानांसाठी राखीव. एकूण ५१ प्रती: ३३ पट्टीच्या, १८ शिलाईच्या. १,३२० आणि १,६२० मिळून २,९४० रुपये. या पैशात नवी पुस्तके किती आली असती असा प्रश्न कमिटीत येणारच, तेव्हा उत्तर हे की दुरुस्ती फक्त संच पुरा होत असेल तिथेच केली आहे.

गहाळ पाने घरच्या घरी बसवली. बाद प्रतीतून त्याच छपाईचे पान काढायचे, आतल्या कडेला ३ मिलिमीटरची मैद्याच्या खळीची पट्टी लावायची, मेणकागद मध्ये घालून रात्रभर दाबाखाली. सेलोटेप कुठेही नाही. आधीच्या टेपांनी किती पाने खाल्ली ते आज पुन्हा दिसले: गोंद तपकिरी होऊन मागच्या पानावरच्या ओळी झाकतो.

२७ ऑक्टोबर, सोमवार
मागणीचे पत्रक पाठवले. नुसते 'गीतपुस्तके मोफत देणे आहे' लिहिले की 'सगळी पाठवा' असे उत्तर येते आणि गठ्ठे तिथल्या कपाटात पडतात. म्हणून पत्रकात: शीर्षकपानाचा फोटो, आतल्या एका जोडपानाचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून, पहिला आणि शेवटचा गीतक्रमांक, प्रतींची संख्या, एका प्रतीचे वजन, दोष स्पष्ट शब्दांत, आणि मुदत १० नोव्हेंबर.

मागणाऱ्याला पाच प्रश्न: रविवारी किती जण गातात? आत्ता कोणते पुस्तक वापरता? आकड्याने गाता की पहिल्या ओळीने? साथीला काय – हार्मोनियम-तबला, कीबोर्ड की काहीच नाही? पुस्तके न्यायला कोण येईल?

तिसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत आता 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक चालते, त्यांना आमच्या निळ्याचे आकडे उपयोगाचे नाहीत. घरसभा, वसतिगृह आणि भजनी मंडळ पहिल्या ओळीने गातात, त्यांचे कोणत्याही आवृत्तीवाचून अडत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
फ्रीझरमधली पुस्तके काल बाहेर काढली, पिशव्या आज उघडल्या. चोवीस तास बंद ठेवल्या नाहीत तर थंड कागदावर हवेतला ओलावा बसतो आणि किडीऐवजी बुरशी हाती येते.

मागण्या आल्या आहेत. नेवासे तालुक्यातल्या दोन मंडळ्या (४० आणि ३०), दोन्हीकडे निळ्याचा क्रम अजून चालतो. मुलींचे वसतिगृह २५. गुजरातेतली एक मराठी मंडळी २४. घरसभा मिळून २०.

वसईच्या एका कॅथलिक क्वायरने विचारले होते, त्यांना नम्रपणे नाही कळवले. त्यांची मराठी गीते मिस्साच्या (कॅथलिक उपासनाविधीच्या) भागांप्रमाणे लागतात – प्रवेश, अर्पण, ख्रिस्तप्रसाद – आणि आमच्या पुस्तकात ती मांडणीच नाही. भाषा एक असली म्हणून पुस्तक चालतेच असे नाही. मात्र किरकोळ खोक्यातल्या रोमी लिपीतल्या ६ कोंकणी प्रती पुण्यातल्या गोवेकर कॅथलिक गायकांकडे गेल्या, हिंदी ९ हिंदी मंडळीकडे.

वृद्धाश्रमाने १२ मागितली आणि नमुना पाहून परत केली: टायप बारीक. त्यांच्यासाठी वेगळे काम घेतले. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१९ साली गेले, लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांची मुदत केव्हाच संपली. त्यांची ३० गीते २४ पॉइंटात नव्याने टाइप करून, एका बाजूला एकच गीत, स्पायरल घालून दिली. जे गीतकार हयात आहेत किंवा ज्यांना जाऊन साठ वर्षे झाली नाहीत, त्यांची गीते घेतली नाहीत. पुस्तकाची पाने मोठी करून झेरॉक्स काढणे टाळले. जुन्या छपाईतले तुटके अनुस्वार मोठे केल्यावर आणखी तुटतात.

८ नोव्हेंबर, शनिवार
बाइंडरकडे नुकसान. शिलाईनंतर सवयीने तिन्ही कडा कटिंग मशीनवर कापल्या. आमच्या निळ्यात गीताचा आकडा पानाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात, कडेपासून जेमतेम ४ मिलिमीटरवर. तीन प्रतींचे आकडे उडाले. चौथ्या प्रतीच्या वेळी लक्षात आले म्हणून तीनवर निभावले. चूक निम्मी आमची: 'कडा कापू नये' असे तोंडी सांगितले, चिठ्ठी लावली नाही. आता प्रत्येक गठ्ठ्यावर लाल शाईत चिठ्ठी. त्या तीन प्रती घरसभांना, आकड्यांशी त्यांना कर्तव्य नाही.

या तीन सोडून निळी तयार १४४. तांबडी तयार २५.

९ नोव्हेंबर, रविवार
सायक्लोस्टाइलचे १८ संच. ही पाने आमच्याच क्वायरमास्तरांनी वेळोवेळी बसवलेल्या चार आवाजांची, दुसरीकडे छापलेली कुठेच नाहीत. कागद आम्लाने पिवळा, घडीवर मोडतो. एक संच दोरा कापून सुटा केला, ३०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये स्कॅन केला. नुसते काळे-पांढरे केले तर फिकट निळी शाई आणि आल्टोच्या पेन्सिलखुणा दोन्ही नाहीशा होतात. ज्यांची रचना त्यांची किंवा कुटुंबीयांची लेखी संमती घेतली. ४ संच इथे, तीन क्वायरना प्रत्येकी ४, एक सेमिनरीच्या (पाळकांच्या धर्मशिक्षण संस्थेच्या) ग्रंथालयाला, एक सुटा. चारपेक्षा कमी दिले तर उपयोग नाही – आवाज चार आहेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार
'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' १८६१ साली २७३ गीतांचे होते, पुढे वाढत गेले. १९०४ साली त्याची नव्या क्रमाची आवृत्ती निघाली आणि इंग्लंडातल्या मंडळ्यांनी ती नाकारली. आकडे बदलले हे त्यामागचे एक मोठे कारण. आमच्या ४१ प्रती १९५०च्या सुधारित आवृत्तीच्या, त्यांचा क्रमही जुन्याशी जुळत नाही. ज्या शाळेने २० प्रती मागितल्या त्यांच्याकडे आधीच्या आवृत्तीच्या आठ होत्या. त्यांना त्या आठ पियानोवर आणि आमच्या वीस क्वायरच्या हातात ठेवायला सुचवले, म्हणजे मिसळण होत नाही.

चांगल्या २९: शाळेला २०, पियानो शिकणाऱ्या चौघांना ४, इथे ५. चालींची वृत्तसूची असलेली प्रत इथल्या पाचांत मुद्दाम ठेवली. ८.७.८.७ अशा आकड्यांवरून (प्रत्येक ओळीतल्या उच्चारखंडांची संख्या) एका गीताचे शब्द दुसऱ्या चालीवर बसतात का ते लगेच कळते. ओवी-अभंगांना ते लागू होत नाही, पण भाषांतरित गीतांना होते. बाद १२.

१६ नोव्हेंबर, रविवार
सोल्फाच्या २४ प्रती पुण्यात शिकणाऱ्या मिझो विद्यार्थ्यांच्या गायकगटाला. घेण्याआधी त्यांनी फक्त एक गोष्ट तपासली: चारही आवाज आहेत की नुसती चाल. चारही होते. तिथेच एक गीत पहिल्या नजरेत गाऊन पाहिले, कीबोर्डवर फक्त 'डो' घेतला. बाद ३.

२२ नोव्हेंबर, शनिवार
गुजरातेतल्या २४ प्रतींचे पॅकिंग. डाकखात्याची ज्ञान पोस्ट ही सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे: छापील पुस्तके, त्यात धार्मिकही, ३०० ग्रॅम ते ५ किलो, ५ किलोला १०० रुपये आणि कर. माल रस्ता-रेल्वेने जातो, म्हणून वेळ लागतो, ट्रॅकिंग आहे. १२ प्रती ४.५६ किलो, पुठ्ठा आणि प्लॅस्टिक धरून ४.८ किलो. तेरावी घातली की ५ किलोच्या वर जाते. दोन गठ्ठे.

इथे एक अट आडवी येऊ शकते: पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले हवे. शीर्षकपान गेलेल्या प्रती काउंटरवर अडतील, म्हणून टपालाच्या गठ्ठ्यात फक्त शीर्षकपान शाबूत असलेल्या प्रती. आत पत्र किंवा वर्तमानपत्राचा चुरा नाही, फक्त पुस्तके. पुस्तके आडवी, पाठ आलटून पालटून, नाहीतर गठ्ठा एका बाजूने फुगतो. बाहेर प्लॅस्टिक, आत पुठ्ठ्याच्या चार कोपरपट्ट्या. कोपरे सर्वांत आधी चेपतात.

प्रत्येक प्रतीवरच्या 'चर्चची मालमत्ता' शिक्क्यावर एक आडवी रेघ आणि खाली 'सप्रेम भेट, नोव्हेंबर २०२५'. नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी प्रामाणिक माणूस पुस्तक परत घेऊन येतो.

२३ नोव्हेंबर, रविवार
तांबड्या २५ची वाटणी. या पुस्तकात गीतावर 'चाल' छापलेली आहे, त्यामुळे हार्मोनियम-तबल्यावर गाणाऱ्या भजनी मंडळाला १२. सेमिनरीच्या ग्रंथालयाला २ – आधी त्यांची यादी पाहून, तिथे ही छपाई नव्हती. ८ प्रतींवर 'यांच्या स्मरणार्थ' पट्ट्या होत्या, त्या कुटुंबांकडे. इथे ३. निळ्यांवरच्या पट्ट्या काढल्या नाहीत. खरवडताना पुठ्ठ्याचा कागद निघतो, शिवाय नाव पुस्तकाबरोबर गावोगाव जाण्यात वाईट काय?

२९ नोव्हेंबर, शनिवार
नेवाशाच्या ७० प्रती गाडीने, वसतिगृहाच्या २५ वाटेत उतरवल्या. एका खोक्यात ३० प्रती, म्हणजे ११.४ किलो, यापेक्षा भरलेले खोके तळातून फाटते. उद्या नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार, म्हणून आजची तारीख सोडायची नव्हती.

नेवाशाच्या दुसऱ्या मंडळीत तरुण संघाकडे नवे पुस्तक आहे आणि वडीलधाऱ्यांकडे निळे. त्यांच्यासाठी क्रमांकांचा तक्ता केला: नेहमीची ६० गीते, पहिल्या ओळीच्या अकारविल्हे क्रमाने, समोर निळ्याचा आणि नव्याचा आकडा, ए-फोरच्या एका बाजूत मावतो. तो पुठ्ठ्याच्या आत चिकटवला. चिकटवताना खळ फक्त चार कोपऱ्यांना, पूर्ण कागदाला लावली की पुठ्ठा आत वाकतो. गीतफलकावर दोन आकडे लावायचे, निळ्याचा वर.

६ डिसेंबर, शनिवार
कॅरल पुस्तिका १९. स्टेपलच्या पिना गंजून मधले पान सुटलेले. ११ प्रतींच्या पिना काढून दोऱ्याने तीन भोकांची शिलाई घातली, संडे स्कूलला दिल्या. बाद ८.

बाद प्रती एकूण ८७: निळी २४, तांबडी ४० (राखीव १७ धरून, पाने काढून झाली), इंग्रजी १२, सोल्फा ३, कॅरल ८. पुठ्ठे आणि रेक्झिन वेगळे काढले, ते लगद्याला चालत नाहीत. उरलेली पाने बाइंडरच्या मशीनवर मधोमध कापून घेतली. अख्खी पाने रद्दीत दिली तर त्यांच्या पुड्या होतात, आणि प्रभुभोजनाच्या गीतात बांधलेली भजी मंडळीतल्याच कोणाच्या तरी हातात येते. कापलेला कागद २६ किलो, थेट लगद्यासाठी घेणाऱ्याकडे.

१३ डिसेंबर, शनिवार
रजिस्टर जुळवले. दिल्या २५१, इथे ठेवल्या १७, स्कॅनसाठी सुटा केलेला १, बाद ८७, बेरीज ३५६. प्रत्येक पावतीवर आवृत्ती आणि प्रतींची संख्या, घेणाऱ्याची सही.

गुजरातेतला एक गठ्ठा पोहोचला, दुसरा ट्रॅकिंगवर अजून वाटेत. वसतिगृहातून निरोप: अनुक्रमणिकेची दोन पाने एका प्रतीत उलटी बसली आहेत. त्याच छपाईची दोन पाने पाकिटात घालून ठेवली आहेत, सोमवारी जातील.